फिकी अक्षरं

‘मॅडम, मशीन स्लो आहे,’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. कुठलं मशीन? किती स्लो? कधीपासून? यातलं काही म्हणता काही सांगायचं नाही. डॉक्टरपुढं बसून ‘बरं वाटत नाही’ एवढंच बोलणाऱ्या पेशंटला हेच डॉक्टर लोक काय काय ऐकवतात ते मला ठाऊक आहे. पण स्वतःची वेळ आली की हे तसेच.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. एक्स-रे विभागातून फोन आला.

“रेवती मॅडम, सीटी स्कॅनचं एक चित्र उघडायला लावून चहा पिऊन यावं लागतंय.”

“मग प्या की चहा,” मी म्हणाले, आणि चष्मा शोधून तळघरात उतरले.

मिरजेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी सर्व्हर सांभाळते. मध्यंतरी असा काळ आला होता की सगळा डेटा दूर कुठंतरी कंपन्यांकडे राहणार, तळघरं बंद होणार, आणि माझ्यासारख्यांनी घरी बसून कुरडया घालायच्या. मग कायदा आला, की माणसाच्या मेंदूतून निघालेला डेटा हॉस्पिटलच्या इमारतीबाहेर न्यायचा नाही. झालं. तळघराचं कुलूप परत उघडलं आणि मलाही परत बोलावलं. तेव्हा मला वाटलं, देवानं ही नोकरी माझ्या दादासाठीच राखून ठेवली होती.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, धनंजय. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे पुकारायचा. यार्डाच्या या टोकाला तो बोलला की त्या टोकाला झोपलेली कुत्री उठायची. एकदा ‘सौदा झाला!’ म्हणाला की ब्रह्मदेव आला तरी फिरायचा नाही. आणि कसा आहेस विचारलं तर उत्तर एकच, झकास! ताप असला तरी झकास, गोदामात पाणी शिरून हळद भिजली तरी झकास. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मेंदूच्या देठात रक्ताची गाठ अडकली आणि हा एवढा गलका करणारा माणूस जागच्या जागी थिजला. हात नाही, पाय नाही, पापणीसुद्धा हलेना. कानांना ऐकू येत होतं, मुंगी चावली तरी कळत होतं, डोकं शाबूत होतं. सांगायची मात्र काही सोय उरली नव्हती.

म्हणून त्याला बोलकी जाळी बसवली. आता ती जिल्ह्याच्या गावातही बसवतात. बोलायचं मनात आलं की मेंदूतून जिभेला, ओठांना, घशाला हुकूम सुटतात. माणूस थिजला तरी हे हुकूम सुटायचे थांबत नाहीत, पोचत नाहीत एवढंच. मेंदूच्या त्या भागावर ही नखाएवढी जाळी अंथरतात. तिचे हजारो बिंदू ते हुकूम टिपतात आणि खाटेजवळच्या डबीतून खाली माझ्या सर्व्हरला पाठवतात. सर्व्हर त्यांचे शब्द करतो, आणि ते शब्द वर स्पीकरमधून पेशंटच्याच आवाजात बोलले जातात. आवाज जुन्या रेकॉर्डिंगवरून घडवायचा. दादाच्या रेकॉर्डिंगला काय तोटा! यार्डातली, लग्नातली, फोनवर पाठवलेल्या निरोपांची, पोतंभर होती.

यात एक मेख आहे. मेंदूचे हुकूम म्हणजे नुसता पूर असतो. तो सगळा क्षणात खाली पोचला तर शब्द होतो, थोडा अडला तर तुटतो. तुटलेली जागा भरायला सर्व्हरमध्ये आणखी एक प्रोग्राम असतो. तो त्या माणसाचं जन्माचं बोलणं ऐकून शिकलेला असतो. हा माणूस इथं काय म्हणाला असता याचा तो अंदाज करतो आणि शब्द घालतो. सगळं नीट असलं तर शंभरात एखादाच शब्द असा. पडद्यावर पेशंटचे शब्द गडद अक्षरांत दिसतात आणि अंदाजाचे फिक्या. कायद्यानंच तसं करायला लावलंय. पण आवाजाला फिकं-गडद नसतं. आणि पडदा कोण बघतो? वृषालीवहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, त्यावर भरतकामाचा रुमाल टाकून ठेवला होता. पडद्यावर हलणाऱ्या रेघा तिला बघवत नव्हत्या.

खरं सांगायचं तर जाळी बसवल्यावर दादाचं बोलणं फार काही नव्हतं. एकेक शब्द, मध्ये मोठा खोळंबा, आणि बऱ्याचदा चिडका सूर. ‘पाणी.’ ‘पंखा नको.’ ‘झोपू दे.’ दसऱ्यानंतर मात्र गाडी एकदम रुळावर आली. सलग वाक्यं, चेष्टा, नर्सची टिंगल, आणि ते ‘झकास!’ परत आलं. कंपनीचा माणूस म्हणाला, मशीनला आता तुमचे दादा समजायला लागले. पाडव्याला वहिनीनं ओवाळलं तर म्हणाला, “वृषा, अजून वीस दिवाळ्या तुझ्या हातनं ओवाळून घेणार. सुटका नाही तुझी.” वॉर्डातल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. भाऊबीजेला मी ताट घेऊन गेले तर म्हणाला, “रेवे, ओवाळणीत काय पाहिजे बोल. बोली लाव.” मी खाटेच्या दांडीला डोकं टेकलं आणि आनंदानं रडले.

तर त्या दिवशी तळघरात जाऊन मी सर्व्हरला विचारलं, बाबा रे, तुझ्या नेटवर्क कार्डाचा वेग किती? दहा हजार दिसायला हवा होता. दिसला शंभर. मी चष्मा पुसून परत बघितलं. शंभरच.

नेटवर्क कार्डाचं असं असतं, वायरीच्या दोन्ही टोकांची कार्डं आधी आपसात ठरवतात, किती वेगानं बोलायचं. मधली वायर अशक्त निघाली तर दोघंही बिनतक्रार खालच्या वेगावर येतात. दिवा पेटलेला असतो, काम चालू असतं. पार बंद पडलं तर दहा जण बोंबलत येतात. हळू झालं तर महिना महिना कुणाला पत्ता लागत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

मी कार्डाची सेटिंग तपासली. प्रोग्राम नवा टाकला. वायरी जिथं येऊन मिळतात त्या स्विचवरची जागा बदलून बघितली. वेग ढिम्म. शेवटी सर्व्हर विकणाऱ्यांना फोन लावला, तर पलीकडून एक पोरगा गोड आवाजात म्हणतो, “रिस्टार्ट करून बघितलंत का मॅडम?”

“बाळा, तुझी आई शाळेत होती तेव्हापासून मी रिस्टार्ट करतेय,” म्हणाले आणि फोन ठेवला.

मग डोकं जरा थंड केलं आणि एकेक वायर हातात धरून कुठून कुठं जाते ते बघत निघाले. आमच्या सर्व्हरला दोन वाटा आहेत. एक प्रकाशाची, काचेच्या तंतूची पिवळी वायर. दुसरी तांब्याची, अडीअडचणीपुरती. प्रकाशाची वाट बंद पडली की सर्व्हर आपोआप तांब्यावर जातो, कुणाला न सांगता. दोन्ही बंद पडल्या तरच घंटा वाजते. असं ठरवणारा शहाणा मला एकदा भेटायला हवा. ती तांब्याची वायर कपाटाच्या दारात चेंगरून तिच्या दोन तारा तुटलेल्या होत्या, म्हणून वेग शंभर. पण मुळात सगळी रहदारी तांब्यावर आलीच कशी?

मी पिवळ्या वायरीचं टोक काढलं आणि तपासायच्या छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. प्रकाश ज्यातून जातो तो तंतू केसाहून किती तरी बारीक. त्यावर धुळीचा एक कण बसला तरी वाट अडते. इथं तर लेप बसला होता. पिवळा, मध्ये लाल ठिपके. टोकाच्या प्लास्टिकवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. हळद. आमच्या घरात वाढलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही.

“तायाप्पा!” मी जिन्यातून ओरडले.

तायाप्पा आमच्याकडे साफसफाईचा मुकादम. जत भागातला, कामाला चोख, आणि देवाधर्माला त्याहून चोख. आला, बघितलं, आणि त्याला माझ्या रागाचं कारणच कळेना.

“मॅडम, खंडेनवमीला हत्यारं पुसायची न्हाईत तर कवा पुसायची? तुम्ही लेकीकडं गेलावता पुण्याला. मी सगळ्या वायरी काढल्या, एकेक टोक धुडक्यानं पुसलं, हळदकुंकू लावलं, परत जिथल्या तिथं. एक बी चुकली न्हाई. हळद वैनींनी आणलीवती, घरची. म्हणल्या, ह्या मशीननं आमच्या मालकांना बोलतं केलंय, त्येची पूजा माझ्याच हातनं व्हायला पायजे. त्यांनीच बोट टेकवलं टोकांना.”

मला हसू आलं. खरंच सांगते, हसू आलं. जन्मभर हळद विकली दादानं, आणि त्याच हळदीनं माझा सर्व्हर लोळवला. दादाला सांगितलं तर काय काय बोलेल, असं मनात घोळवत मी टोक स्वच्छ केलं, वायर खटकन बसवली. नारंगी दिवा हिरवा झाला. दहा हजार. एक्स-रे विभागात फोन करून म्हटलं, आता चहा प्यायची चैन बंद.

मग वर दादाकडे निघाले. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात माझा पाय थांबला.

खंडेनवमी. म्हणजे दसऱ्याच्या आदला दिवस. दादा सुधारला दसऱ्यानंतर.

वेग शंभरावर आला तेव्हा बोलणं अडखळायला हवं होतं. ते सुधारलं कसं? त्या मेंदूच्या पुरातला थेंबच जर खाली पोचत होता, तर एवढी सलग वाक्यं कोण बोलत होतं? उत्तर मला माहीत होतं. हा माझाच धंदा आहे. मी कठडा धरून धरून उरलेला जिना चढले.

वहिनी दारातच भेटली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“रेवती, बरं झालं आलीस गं. मशीन बिघडलंय बघ. आत्ताच झालं. कसलंतरीच बोलायला लागलंय.”

आतून दादाचा आवाज आला. तोच आवाज, पण एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यागत.

“दुखतं. डावा. खुबा. दुखतं. दुखतं.”

मी पडद्यावरचा रुमाल ओढून काढला. सगळी अक्षरं काळीकुट्ट होती. मग मागचं काढलं. काल सगळं फिकं. परवा फिकं. ‘झकास’ फिकं. पाडव्याच्या वीस दिवाळ्या सगळ्या फिक्या. मध्येच कुठंतरी एखादा गडद शब्द, तांब्याच्या वायरीतून कसाबसा निसटून आलेला. ‘आई.’ ‘नको.’ भाऊबीजेला ‘रेवे’ गडद होतं. नुसतं ‘रेवे’. ‘ओवाळणीत काय पाहिजे बोल, बोली लाव’ हे त्या प्रोग्रामनं पुढं जोडलं होतं. माझा भाऊ मला हाक मारत होता, आणि मी ताट घेऊन आनंदानं रडत उभी होते. माझ्या मेलीच्या डोळ्यांना तेव्हा रुमाल उचलून बघायचं सुचलं नाही.

“दादा,” मी म्हणाले, “कधीपासून दुखतंय?”

मी पडद्याकडे बघत राहिले.

“सांगतोय. रोज.” मग, “ओरडतोय.”

मी त्याचा हात धरला. तो हात काही करू शकत नव्हता.

“रेवे. तो. कोण. बोलत. होता?”

त्याला ऐकू येत होतं, हे मी विसरलेच होते. डॉक्टर रोज येऊन विचारायच्या, धनंजयराव, दुखतंय का कुठं? हा आतून जीव तोडून ओरडायचा, आणि त्याच्या कानाशी त्याच्याच आवाजात कुणीतरी म्हणायचं, झकास!

डॉक्टर मुजावर मॅडम धावत आल्या. दिवाळीपासून दादाला बारीक ताप होता. तो छातीचा म्हणून औषधं चालू होती. कुठं दुखत नाही असं पेशंट स्वतः सांगतोय म्हटल्यावर खुब्याकडे कोण बघणार? तासाभरात स्कॅन झाला. माझ्या सर्व्हरवर त्याचं चित्र झटकन उघडलं. डाव्या खुब्याच्या सांध्यात खोल पू झाला होता, हाडात उतरला होता, आणि रक्तातही गेला होता. बाहेरून कातडीवर ओरखडा नाही.

“दुखण्याचं औषध मीच कमी केलं गं,” मॅडम मला म्हणाल्या. “ते चेष्टा करत होते म्हणून.” आणि एवढी मोठी डॉक्टर खुर्चीत बसून राहिली.

पुढं काय ते त्यांनी दादाच्या खाटेशीच सांगितलं, त्याला ऐकू जाईल असं. सांधा उघडून साफ करायचा, हाड खरवडायचं, मग परत, आणि परत. एवढं करून आशा फारशी नाही. नाही तर गुंगीचं औषध सुरू करायचं, म्हणजे दुखणं जाणवणार नाही, आणि पुढचं देवावर. ते औषध सुरू झालं की बोलणं मात्र संपणार.

“नको. कापू. नको,” दादा म्हणाला. “पुरे. झोपवा.”

“ऐकू नका हो हे!” वहिनी ओरडली. “हे मशीन बिघडलंय म्हणतेय ना मी! पाडव्याला काय म्हणाले ते सगळ्या वॉर्डानं ऐकलंय. वीस दिवाळ्या म्हणाले. त्यांना जगायचंय. करा ऑपरेशन.”

मुजावर मॅडमनी माझ्याकडे बघितलं. जाळीतून आलेला पेशंटचा शब्द केव्हा धरायचा याचा नियम आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्यानं जोडणी चोख आहे म्हणून सांगितलं तरच. तसं विचारायची वेळ आमच्याकडे कधी आली नव्हती.

“रेवती, मला एकच सांग,” त्या म्हणाल्या. “ह्यातलं कुठलं बोलणं त्यांचं?”

मला त्या घडीला पळून जावंसं वाटलं. मी ‘पाडव्याचं’ म्हणाले असते तर ऑपरेशन झालं असतं, वहिनीचा नवरा आणखी काही दिवस गोड बोलत राहिला असता. दादा आत ओरडत राहिला असता, आणि ते माझ्याशिवाय कुणाला कळलं नसतं.

“आजचं,” मी म्हणाले.

“आजचं?” वहिनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “मला वृषा म्हणाले होते ते. लग्नानंतर पहिल्यांदा म्हणाले तसंच. हे तुझं आजचं मशीन सकाळपासून मला एकदा तरी वृषा म्हणालंय का? एकदा तरी?”

“वहिनी, त्याला फार दुखतंय.”

“भाऊ आहे तुझा, म्हणून तुझं ऐकायचं? माझं कुंकू आहे ते! एका शब्दानं मारतेयस तू त्यांना.” मग जराशानं, रडता रडता, “आणि एवढे दिवस चांगलं चाललेलं, ते बिघडलं होतं म्हणतेस तर कशानं बिघडलं होतं, सांग ना!”

दारात तायाप्पा पोछा घेऊन उभा होता. त्यानं मान खाली घातली.

“वायर जुनी झाली होती वहिनी,” मी म्हणाले. “मी कधीच बदलायला हवी होती.”

“तुझ्यामुळं झालं म्हणजे.”

“होय.”

ती बाहेर बाकावर जाऊन बसली आणि परत आत आली नाही. तायाप्पानं जाता जाता माझ्या हाताला नुसता हात लावला. त्या हळदीबद्दल आम्ही दोघं आजवर कुणाशी बोललो नाही.

संध्याकाळी औषध सुरू करायचं ठरलं. दुपारभर मी दादाजवळ बसले. दुखण्याची इंजेक्शनं दिली होती, पण ती हाडापर्यंत पुरत नव्हती.

“वृषा?” दादानं विचारलं.

“बाहेर बसलीय. येत नाही.”

“का?”

खोटं बोलावं असं वाटलं. पण एवढे दिवस त्याच्याशी, त्याच्याच तोंडून, खोटंच बोलणं झालं होतं. “तुझं असलं बोलणं तिला सोसत नाही दादा.”

मग एकेक अक्षर काळं काळं उमटत गेलं.

“गोड. बोलायचंय. जमत. नाही. दुखतं.” मग, “त्याला. जमतं.”

“कुणाला?”

“त्याला. वायर. काढ.”

मला कळायला वेळ लागला. कळलं तशी मी त्याच्यावर खेकसले. मरायला टेकलेल्या भावावर कुणी ओरडतं का? मी ओरडले. “वेड लागलंय का तुला? अरे, तू आत बोंबलत राहशील आणि बाहेर तो भाडोत्री झकास झकास करेल. तेच परत? माझ्या हातनं? मी नाही करायची. तूच बोल तिच्याशी. ‘वृषा’ म्हण नुसतं.”

“म्हटलं. तर. पुढं. किंकाळी. येते.” मग, “ती. बसेल. तोवर. मी. ओरडलो. तरी. लावू. नको.”

“दादा, नको रे.”

“रेवे. सौदा. झाला.”

लहानपणापासून ते ऐकल्यावर आमच्या घरात कुणी पुढं बोललेलं नाही.

मी तायाप्पाला खाली तळघरात पाठवलं. फोन कानाला लावून ठेवायला सांगितलं. मग बाहेर गेले आणि बाकापाशी उभी राहिले.

“वहिनी, चल आत. मशीन सुधारलंय.”

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ. काय ओळखायचं ते तिनं ओळखलं असावं. पण उठली, तोंडावरून पाणी फिरवून आली, पदर सारखा केला, कपाळाचं कुंकू आरशात बघून नीट केलं. तोवर मी पडदा माझ्याकडे वळवून घेतला.

“तायाप्पा,” मी फोनमध्ये हळूच म्हणाले, “पिवळी काढ.”

खाली हिरवा दिवा नारंगी झाला असणार. वहिनी खाटेशी येऊन बसली.

“आलीस का वृषा?” स्पीकर म्हणाला. “अगं, तोंड का असं सुकलंय? जेवलीस का नाही?”

“जेवले हो,” ती म्हणाली. जेवली नव्हती.

“मग झकास!”

सगळं फिकं. पडद्यावर पांढऱ्यावर राखाडी, धुवून धुवून विटलेल्या लुगड्याच्या रंगाचं. वहिनीनं त्याचा हात आपल्या गालाला लावला आणि बोलत राहिली. लेकाचा फोन येऊन गेला, तो गाडीत बसलाय, रात्री पोचेल. यार्डातले लोक चौकशी करतात. स्पीकर प्रत्येक गोष्टीला साजेसं काही बोलत होता, चेष्टा करत होता. एकदा तर ती हसली. रडता रडता खुदकन हसली, नवी नवरी होती तेव्हा हसायची तशी. मग तिनं आवाज खाली आणून विचारलं, “तुम्ही मला सोडून चाललाय का हो?”

“मी कुठं जातोय? अजून वीस दिवाळ्या तुझ्या हातनं ओवाळून घ्यायच्यात.”

ती त्याच्या छातीवर डोकं टेकून पडून राहिली. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. माझं लक्ष पडद्यावरून हलत नव्हतं. तेवढ्यात त्या राखाडी अक्षरांत एक शब्द काळाकुट्ट उमटला.

‘रेवे’

आणि त्याच्यामागून लगेच स्पीकर गोड आवाजात बोलला, “रेवे, वहिनीला चहा आण जा. आलं घालून.”

वहिनीनं डोकं वर केलं, डोळे पुसले. “बघ,” ती मला म्हणाली, “अजून माझ्या चहाची काळजी.”

फोनमधून तायाप्पाचा आवाज आला. “मॅडम, लावू का परत?”

पडद्यावर ‘रेवे’ एकटंच काळं होतं. बाकी सगळं फिकं.

“नको,” मी म्हणाले. “अजून नको.”

मी दाराकडे निघाले. माझ्या पाठीमागून तोच आवाज परत आला, “रेवे, साखर कमी घाल हं, तिला चालत नाही.” मी मागं वळून पडदा बघितला नाही. खाली जाऊन चहा सांगितला, आलं घालून, साखर कमी.